अर्ध्या भिंतींची मालकीण

वसुमतीबाई चुरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या छपरावर होत्या. १९५६ सालचा मे महिना. डहाणूच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली होती आणि स्टेशनाजवळ कुणा चुरींकडे खोल्या भाड्याने मिळतात, एवढ्या पत्त्यावर मी ट्रंक आणि वळकटी घेऊन येऊन थडकलो होतो. समोर एक लांबलचक कौलारू वखार. तिला शिडी लावलेली. शिडीच्या पायथ्याशी एक गृहस्थ दोन्ही हातांनी शिडी धरून आणि डोळे गच्च मिटून उभे.

"इथे खोली मिळेल का?" मी विचारलं.

"वर विचारा," ते डोळे न उघडता म्हणाले.

गृहस्थ फारच देवभोळे दिसतात, असं मला वाटलं. तेवढ्यात वरचं एक कौल सरकलं आणि चाळिशीतल्या एका बाईचं धुळीने माखलेलं डोकं दिसलं. पातळाचा काचा मारलेला, तोंडात सुतळीचा तुकडा. तो काढून त्यांनी विचारलं, "नोकरी?"

"मास्तर आहे."

"पेटी, तबला, भजन?"

"नाही."

"घोरता?"

मी जरा गोंधळलो. "झोपेत असतो ना तेव्हा. मला कसं कळणार?"

"खरं बोलणारा दिसताय. 'छे छे, मुळीच नाही' म्हणणारे सगळे घोरतात. तीन नंबर रिकामी आहे. ट्रंक ठेवा आणि ती कौलं पाच-पाच करून वर द्या."

अशा रीतीने भाडेकरू होण्याआधी मी त्यांचा बिगारी झालो. शिडी धरणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान काशीनाथराव, रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. बायको शिडीवर चढली की त्यांना चक्कर येई. पण दुसऱ्या कुणी शिडी धरलेली त्यांना चालत नसे, म्हणून ते डोळे मिटून धरत.

वसुमतीबाई मालकीण कशा झाल्या, ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. रेल्वेच्या बदल्यांपायी चौदा वर्षांत त्यांनी अकरा बिऱ्हाडं बदलली होती. बिलिमोऱ्याचा घरमालक दुपारी विहिरीचा दोर कपाटात कुलूपबंद करून झोपायचा. संजाणचा मालक दर शनिवारी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात डोकवायचा आणि मासळी तळली का, याचा वास घ्यायचा. पालघरचा मालक मोठा धार्मिक. दोन तास पूजेला बसायचा आणि तेवढ्या वेळात भाडेकरूंकडे कोण आलं, किती वेळ बसलं, काय नेलं, सगळं टिपायचा. परमेश्वर सर्वसाक्षी असतो म्हणतात. पालघरच्या त्या घरात ते खातं मालकाने स्वतःकडे घेतलं होतं.

अकरावं बिऱ्हाड डहाणूला. तिथल्या मालकाने पुतण्याच्या लग्नाची पाहुणेमंडळी यायची म्हणून चार दिवसांत जागा सोडायला सांगितली. वसुमतीबाईंचं पिठाचं पिंप रस्त्यावर भिजलं. त्या पिंपाकडे बघत त्या काशीनाथरावांना म्हणाल्या, "आता यापुढे घर सोडायचं नाही. सोडायला सांगायचं."

त्यांना मूलबाळ नव्हतं. लोक हळहळत. त्या म्हणत, "अकरा घरं हलवताना तेवढं एक ओझं कमी." हसत म्हणत. काशीनाथराव त्या वेळी खिडकीबाहेर काहीतरी शोधत असत.

डहाणूला तेव्हा गवताच्या वखारी होत्या. डोंगराकडचं गवत कापून आणायचं, यंत्रावर दाबून गासड्या बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या, असा मोठा धंदा. पुढे मुंबईतले घोडे कमी झाले आणि मोटारी गवत खात नाहीत हे शेठ लोकांच्या उशिरा ध्यानात आलं. १९५४ साली एका शेठने रिकामी वखार विकायला काढली. वसुमतीबाई बघायला गेल्या तर तो शेठच घाबरला.

"बेन, आ तो घासनी वखार छे. आमां माणस केम रहे?"

"गवतापेक्षा माणसाला जागा कमी लागते, शेठ," बाई म्हणाल्या. "आणि आग लागली तर माणूस आपला आपण पळतो."

पाटल्या गेल्या, आजीचे तोडे गेले, वखार आली.

खोल्या पाडल्या हिरू वरठाने. हिरू झरीचा वारली. घरं बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता, आणि गप्प बसण्यातही नव्हता. तो अर्धा दिवस वखारीत नुसता फिरला. वर बघितलं, खाली बघितलं, उकिडवा बसून बिडी ओढली. मग म्हणाला, "कूड आढ्यापर्यंत नको."

"का रे?"

"खिडक्या दोन. मधला माणूस उकडून मरेल."

म्हणून कारवीच्या काठ्यांचे कूड उभे राहिले ते माणूसभर आणि वर एक हात. हिरूची बायको पुतळी हिने ते शेणामातीने असे लिंपले की बोट फिरवलं तर बोटालाच लाज वाटावी. सहा खोल्या झाल्या. खाली भिंती सहा घरांच्या, वर मात्र सगळ्यांचं मिळून एकच आभाळ, आणि त्यात जे काय उठेल ते सगळ्यांच्या मालकीचं.

एक नंबरात कोणी शिंकलं की सहा नंबरातली म्हातारी, बुधीबाई तिचं नाव, "शतायुषी हो" म्हणायची. एकीने फोडणी दिली की पाच घरं खोकायची. नवरा-बायकोंना कुजबुजत भांडायची कला आत्मसात करावी लागली. शिव्यासुद्धा श्वासावर द्यायच्या. पाच नंबरात पोस्टातला एक नवविवाहित कारकून राहायचा, तो रोज संध्याकाळी बायकोला घेऊन समुद्रावर जायचा. समुद्राची इतकी ओढ असलेलं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा दोन नंबरात सत्यनारायण झाला. कथा अर्थातच सहाही घरांनी ऐकली. भटजी निघताना वसुमतीबाईंना म्हणाले, "पुण्य सहा घरांना लागलं, दक्षिणा मात्र एकाचीच मिळाली."

"मग असं करा," बाई म्हणाल्या, "सहा घरांचं पाप ऐकायला रोज येऊन बसा. हिशेब सरळ होईल."

मालकीण म्हणून बाईंचा एक नेम होता. गळकं कौल, तुटलेली कडी, उखडलेली जमीन, ज्या दिवशी तक्रार त्याच दिवशी दुरुस्ती. त्या स्वतः हातोडी घेऊन येत. तक्रार करणाऱ्याला मात्र हाताखाली राबावं लागे. त्यामुळे खोट्या तक्रारी आपोआप बंद झाल्या. संडास दोन आणि माणसं सत्तावीस, त्याचं वेळापत्रक काशीनाथरावांनी रेल्वेच्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं होतं. मोठ्या हुद्द्याच्या माणसांना मेलगाडीचा मान, अगदी सहाला पाच कमी. मी एकटा जीव म्हणून मालगाडी. सिग्नल मिळेल तेव्हा जायचं.

मेलगाडीतले मानकरी म्हणजे एक नंबरचे गोपीनाथराव कारखानीस, सगळ्यांचे भाऊसाहेब. कचेरीत अव्वल कारकून. खिडकी असलेली खोली त्यांची. आवाज असा की साधं "मीठ दे" म्हणाले तरी हुकूम सुटल्यासारखा वाटे. पुतळी दरवर्षी शाकारणीच्या आधी कूड लिंपायला यायची. ती विहिरीवर तहानेने गेली की भाऊसाहेब तिला बादलीला हात लावू देत नसत. वरून ओंजळीत ओतत. पुतळी पाणी प्यायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. बोलायची नाही. अशा माणसांचं बघणं फार दिवस टिकतं, हे भाऊसाहेबांना ठाऊक नव्हतं.

१९५८ साली चार नंबर रिकामी झाली आणि सरला आली. कोसबाडला बालवाडीत शिकवायची, सकाळच्या एस.टी.ने जायची. डहाणूत तिने पंधरा घरं पालथी घातली होती. सगळीकडे एकच प्रश्न : "बरोबर कोण?" बरोबर एक स्टोव्ह आणि दोन पिशव्या पुस्तकं, एवढंच होतं. वसुमतीबाईंनी तिलाही पेटी-तबल्याचं विचारलं आणि खोली दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब तीन बिऱ्हाडकरूंना घेऊन ओटीवर आले. मीही मागे उभा होतो, पण कुणाच्या बाजूने ते अजून ठरलं नव्हतं.

"एकटी बाई," भाऊसाहेब म्हणाले. "उद्या काही कमीजास्त झालं तर?"

"कमी काय होईल आणि जास्त काय होईल, ते सांगा."

"म्हणजे... लोक बोलतील."

"इथे कोण काय बोलतं ते मला सगळं ऐकू येतं, भाऊसाहेब. परवा सकाळी दाढी करताना तुम्ही मामलेदारसाहेबांना उद्देशून जे बोललात तेही."

भाऊसाहेबांचा चेहरा दाढी न करताच उतरला. शिष्टमंडळ पांगलं. मी तिथेच राहिलो, त्यामुळे माझी बाजू आपोआप ठरली.

तीन आणि चार नंबरच्या मधे एक कूड. मी संध्याकाळी वह्या तपासायचो. एका मुलाने 'शिवाजी महाराज आग्र्याहून पेटाऱ्यात बसून स्टेशनवर आले' असं लिहिलं होतं. मी ते स्वतःशीच मोठ्याने वाचलं. कुडापलीकडून हसू ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी जरा जास्त मोठ्याने वाचलं. मग तो रिवाजच पडला. मुलांच्या चुका कमी पडायला लागल्या तेव्हा मी स्वतः रचू लागलो. सरलाने ते आठ दिवसांत ओळखलं. "मास्तर, आजची चूक मुलाची नाही," ती पलीकडून म्हणाली, "मुलं इतकी मूर्ख नसतात."

वर्षभराने एका रविवारी सकाळी, बहुतेक मंडळी बाजारात गेली आहेत असं बघून, मी कुडाजवळ तोंड नेऊन अगदी खालच्या आवाजात तिला लग्नाचं विचारलं. पलीकडे स्टोव्हला पंप मारायचा थांबला. मी घामाघूम. आणि मग सहा नंबरातून बुधीबाईंचा आवाज आला, "अगो, काय तो जबाब दे लवकर! माझा भात करपतोय."

सरला हो म्हणाली. भात करपलाच.

ही बातमी वसुमतीबाईंना सांगायला गेलो तर त्यांचं तोंड उतरलं. "म्हणजे एक खोली रिकामी करणार तुम्ही. माझ्याच छपराखाली माझंच नुकसान!" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "दोन्ही ठेवा. मधला कूड फोडून दार काढून देते." लग्नाची भेट म्हणून त्यांनी आमच्या दोन्ही बाजूंचे कूड चटईने आढ्यापर्यंत बंद करून दिले. हिरू चटई बांधताना काही बोलला नाही. पहिल्याच मे महिन्यात ती आम्हीच सोडली. आडोसा हवाच, पण श्वास त्याच्याआधी हवा.

१९६० चा मे आला. महाराष्ट्र झाला. डहाणू कुठे जाणार, तलासरी कुठे जाणार, यावरून आमच्या ओटीवर कित्येक महिने रणं माजली होती. त्या दिवशी गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले, भाऊसाहेबांनी पायरीवर उभं राहून भाषण केलं. सगळ्यांचे डोळे पाणावले, त्यात निम्मा गुलालही असावा. वसुमतीबाई पेढा खात ऐकत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "उंबरगाव गुजरातेत गेलं ना?"

"हो ना! तेवढंच एक शल्य..."

"शल्य राहू दे. आपल्याकडे राहिलेल्या गावांची कचेरी कुठे?"

"तलासरीला होणार. नवीन."

"म्हणजे कारकून, तलाठी, मास्तर, शिपाई, सगळे तलासरीला?"

"अर्थात."

"आणि झोपणार कुठे?"

अख्ख्या चळवळीत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाई मला घेऊन तलासरीच्या एस.टी.त बसल्या. "तुम्ही चला. कागद लिहायला माणूस लागतो." तलासरी तेव्हा म्हणजे रस्त्याच्या कडेला चार दुकानं, ताडाची झाडं आणि धूळ. बाईंना पुतळीला गाठायचं होतं. पुतळीचं माहेर तिथलं. बाप वारला होता, भाऊ नव्हता, आणि रस्त्याला लागून गावठाणातली बापाची जागा तिच्याकडे आली होती. पुतळी तिथे झाडाखाली वाळल्या पानांच्या पातेऱ्याचा भारा बांधत होती.

"जागा विकतेस?" बाईंनी विचारलं.

"नाय."

"भाड्याने देतेस?"

"नाय."

"मग काय करतेस तिचं?"

पुतळीने भारा आवळला, गाठ मारली. मग म्हणाली, "तू कौलं आण. लाकूड आण. हिरू बांधेल. चार खोल्या. दोन तुझ्या, दोन माझ्या. जागा माझीच. कुलपाची चावी पण माझ्याकडं."

"सगळी चावी तुझ्याकडे कशाला?"

"तू डहाणूत. इथं गळलं तर तू येशील? मीच येईन."

ठरवून आल्यासारखी बोलत होती, आणि आली होतीच. गुलालाच्या धुरळ्यात वसुमतीबाईंना जे दिसलं होतं ते पुतळीला बहुधा त्याच्याही आधी दिसलं होतं. बाईंनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "लिहा, मास्तर."

"मास्तरने लिहावं," पुतळी म्हणाली, "पण वाचून सरलाबाईने दाखवावं." माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. सरला दरवर्षी तिच्याबरोबर मातीत हात घालून कूड लिंपत असे. मी दारात बसून कौतुक करत असे. विश्वास बसावा असं मी काही केलंही नव्हतं.

पाऊस सरल्यावर काम सुरू झालं. या वेळी हिरूने भिंती आढ्यापर्यंत नेल्या आणि प्रत्येक खोलीला दोन खिडक्या ठेवल्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "ती वखार होती. हे घर आहे." हिरूचं चार वर्षांत मी ऐकलेलं हे सर्वांत लांब व्याख्यान.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला खोल्या तयार झाल्या आणि त्याच सुमाराला भाऊसाहेब कारखानिसांची तलासरीला बदली झाली. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब डहाणूलाच राहणार होतं. पहिले आठ दिवस भाऊसाहेब कचेरीतल्या टेबलावर झोपले, उशाला फायली घेऊन. पाठीने हाय खाल्ली. रविवारी ते खोल्या बघायला आले तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. सरला आणि पुतळी चुना मारत होत्या, हिरू दाराला कडी बसवत होता, वसुमतीबाई दगडावर बसून सगळ्यांच्या चुका काढत होत्या.

"वा, वा!" भाऊसाहेब म्हणाले. "बाई, आपली माणसं इथेही भेटली म्हणजे घरच झालं. कडेची खोली मला द्या."

"मला काय विचारता? त्या बाजूच्या दोन पुतळीच्या. माझ्या दोन्हींत तलाठी आणि कंपाउंडर आले. मालकीण ती आहे."

भाऊसाहेबांनी मान वळवली. पुतळी पाटावर उभी होती, हातभर चुना, कपाळावर चुना. ती खाली उतरली नाही.

"तू एकटाच राहणार?" तिने विचारलं.

"तू"ने भाऊसाहेबांच्या गालाचा एक स्नायू उडाला. "हो. कुटुंब डहाणूला."

पुतळीने हिरूकडे बघितलं. "एकटा बाप्या," ती म्हणाली. "लोक बोलतील."

हिरू कडीचा खिळा ठोकत राहिला. वसुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. सरला एकाच जागेवर चुन्याचे हात मारत राहिली. त्या भिंतीवर तेवढा चौकोन अजून जास्त पांढरा आहे.

"मी सरकारी माणूस आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर विचार पडला." पुतळीने कुंचला डब्यात ठेवला. "राहा. पण विहीर सगळ्यांची. दोर माझा, बादली माझी. मी भरेन, तू भरशील. वरून ओतायचं नाय."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत भाऊसाहेब तिच्याकडे बघत उभे होते. टेबल आणि फायली त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात. "चालेल," ते म्हणाले. मग जरा आवाज खाली आणून, "फक्त एक. चार लोकांसमोर मला अहोजाहो करत जा."

पुतळीला हे खरंच कळलं नाही. "हिरूला मी तू म्हणते," ती म्हणाली. "देवाला तू म्हणते. तुला आणखी काय म्हणू?"

भाऊसाहेब तिथे तीन वर्षं राहिले. पहिल्याच पावसात त्यांना हिवतापाने धरलं. दोन दिवस दार उघडलं नाही तेव्हा पुतळीने चावीने उघडलं. चावी तिने का मागून घेतली होती ते तेव्हा वसुमतीबाईंना नीट कळलं. हिरूने त्यांना घोंगडीत गुंडाळून गाडीतून डहाणूच्या दवाखान्यात आणलं. वाटेत भाऊसाहेब तापाच्या भरात गाडीच्या बैलांना जमिनीच्या नोंदी तपासायला सांगत होते. नंतर आठ दिवस पुतळीची नाचणीची पेज.

माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. कचेरीत ते होते तसेच राहिले, गरिबाला चार खेपा घालायला लावणारे. फक्त पुतळी काही कामाला कचेरीत शिरली की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे, आणि आपण का उठलो हे न समजून जाऊन खिडकी उघडायचे. असं मला तिथल्या शिपायाने सांगितलं.

इथपर्यंत वसुमतीबाईंचं सगळं जमत गेलं होतं. सगळं जमत गेलेल्या माणसाला जो रोग होतो तो त्यांना १९६६ मध्ये झाला. अच्छाडच्या नाक्यावर त्यांनी ट्रकांची रांग बघितली. इकडे महाराष्ट्र, तिकडे गुजरात, मधे नाका. गाड्या तासन् तास उभ्या. ड्रायव्हर-क्लीनर धाब्यावर बसलेले. "शंभर माणसं," बाई मला म्हणाल्या, "आणि एक खोली नाही!" त्यांचे डोळे लकाकत होते.

त्या पुतळीकडे गेल्या. पुतळी म्हणाली, "मी नाय येणार यात. गुराखी गुरं सोडून झोपतो का?"

"ट्रक म्हणजे गुरं नव्हेत."

"गुरं परवडली. आपली आपण घरी तरी येतात."

बाईंनी ऐकलं नाही. धाबेवाल्याकडून जागा घेतली, हिरूला मजुरी देऊन तीन खोल्या उठवल्या, खाटा टाकल्या, दाराशी रांजण ठेवला. काशीनाथराव तेव्हा सेवानिवृत्त झाले होते, त्यांनी हिंदीत आणि गुजरातीत पाटी लिहिली.

कोणी आलं नाही. पहिल्या आठवड्यात एक क्लीनर आला, त्याला भिजलेलं धोतर वाळत घालायला दोरी हवी होती. दुसऱ्या आठवड्यात धाबेवाल्याची व्यालेली शेळी एका खोलीत शिरली आणि राहिली. भाडेकरू म्हणून ती उत्तम होती. पेटी नाही, तबला नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी एका वयस्क सरदारजीला अडवून विचारलं, की बाबा, खोलीत काय वाईट आहे? स्वच्छ आहे, खाट आहे, पाणी आहे.

सरदारजी नम्रपणे म्हणाला, "माताजी, कमरा बहुत अच्छा है. लेकिन माल तो गाडी में है."

बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. जेवल्याही नसाव्यात, कारण काशीनाथराव आमच्याकडे जेवायला आले. तिसऱ्या दिवशी त्या तलासरीला गेल्या. मी आणि सरला बरोबर होतो. पुतळी अंगणात सुकट निवडत होती.

"चुकलं माझं," वसुमतीबाई म्हणाल्या.

"हां," पुतळी म्हणाली आणि निवडत राहिली. मग सुपाची एक बाजू तिने बाईंकडे सरकवली. दोघी निवडू लागल्या. बऱ्याच वेळाने पुतळीने विचारलं, "कौलं किती?"

"अकराशे."

"इथं पाचवी खोली होईल. नवा मास्तर विचारून गेलाय. बायको-पोरं आहेत त्याची."

हिरूने अच्छाडच्या खोल्या दोन दिवसांत उतरवल्या. बांधायला लागला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ. एक कौल फुटू दिलं नाही. शेळी तेवढी उठेना. तिला उचलून बाहेर ठेवावं लागलं. धाबेवाल्याने एक ट्रक गाठून दिला. रिकामा होता, तलासरीपर्यंत सामान टाकायला तयार होता. आम्ही कौलं पाच-पाच करून भरली. वासे वर बांधले. हिरू आणि मी मागे कौलांवर बसलो. वसुमतीबाई मात्र पुढे जाऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या, पदर खोचून, मांडीवर हातोडी घेऊन. पंचावन्नच्या आत-बाहेर वय, चार महिन्यांची मेहनत मातीत गेलेली. मला वाटलं, बिचाऱ्या वाटेत रडतील.

इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या झडपेतून त्यांचा आवाज मागे आला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्या ड्रायव्हरला विचारत होत्या, की गावाकडे घर आहे का? बायको-मुलं कुठे असतात? आणि मग जरा पुढे सरकून, "भाडे का? मालक कैसा है?"